नो-पार्किंगचे ई-चलान: भरावे, तक्रार करावी, लोकअदालतीत न्यावे की कोर्टात लढावे?

महाराष्ट्रात नो-पार्किंगच्या पहिल्या चलानाची तडजोड रक्कम, म्हणजे खटल्याशिवाय प्रकरण मिटवण्याचा दंड, ५०० रुपये आहे. तोच गुन्हा पुन्हा झाला तर १५००. डिसेंबर २०२१ पासून हे दर लागू आहेत. ५०० रुपयांसाठी कोण हेलपाटे घालणार, असे म्हणून बहुतेक लोक भरून मोकळे होतात. चूक आपली असेल तर तेच शहाणपणाचे. पण चुकीचे चलान मुकाट्याने भरले, तर तो तुमच्या नावावरचा पहिला गुन्हा ठरतो आणि पुढच्या वेळी १५०० समोर येऊ शकतात. तेव्हा हिशेब फक्त आजच्या पाचशेचा नाही.

वाटा चार आहेत. निवड रागावरून करू नये, रकमेवरूनही नाही. हातातला पुरावा कोणत्या प्रकारचा आहे त्यावरून करावी. चूक चलानाच्या फोटोतच दिसत असेल तर तक्रार. फोटो बरोबर, पण तिथे मनाई होती का हाच वाद असेल तर कोर्ट. चूक आपलीच आणि चलाने साचली असतील तर लोकअदालत. एकच चलान आणि तेही रास्त, तर सरळ भरणा.

आधी चलान नीट वाचा

महाट्रॅफिक या राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर वाहन क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे अंक टाकले की चलान फोटोसह दिसते. त्यात चार गोष्टी बघायच्या: नंबरप्लेट, वेळ, ठिकाण आणि कलम. पहिल्या तीन सगळेच बघतात. कलम कोणी बघत नाही, आणि नेमके तिथेच बचाव ठरतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम १७७ लावले असेल, तर आरोप साधारणपणे नियम किंवा फलक न पाळल्याचा असतो. तिथे फलक होता का, तो दिसत होता का, त्यामागे अधिसूचना होती का, हे प्रश्न विचारता येतात. कलम १२२ म्हणजे वाहन धोकादायक किंवा अडथळा होईल अशा स्थितीत ठेवणे, आणि कलम २०१ म्हणजे वाहतुकीला अडथळा करणे. या दोन्हींत ‘बोर्ड नव्हता’ हे उत्तर फारसे चालत नाही, कारण अडथळ्याला बोर्ड लागत नाही. तसेच फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, चौकाचे तोंड, बसथांबा, शाळा-दवाखान्याचे प्रवेशद्वार इथे वाहन लावायला २०१७ च्या वाहनचालन विनियमांनीच मनाई आहे. तिथेही बोर्ड शोधत बसू नये.

भरणा: दोन मिनिटे, पण दार बंद

ऑनलाइन भरा, वाहतूक पोलिसांच्या यंत्रावर कार्डाने भरा किंवा वाहतूक शाखेत जाऊन भरा. कलम २०० खाली तडजोड झाली की त्या गुन्ह्याची पुढची कारवाई थांबते. याचीच दुसरी बाजू अशी, की ‘आधी भरतो, मग भांडतो’ हा बेत फसतो. भरले म्हणजे प्रकरण मिटले, परताव्याची आशा धरू नये. गाडी टो केली असेल तर टोईंगचा खर्च आणि दंड या दोन वेगळ्या रकमा आहेत. पावतीवर त्या वेगवेगळ्या लिहून मागा.

तक्रार: फुकट, पण उघड चुकांसाठीच

महाट्रॅफिकवरच तक्रारीची सोय आहे. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या वाहतूक शाखेत लेखी अर्जही देता येतो. छोट्या गावात दोन्ही करावे: ऑनलाइन तक्रारीला क्रमांक मिळतो, आणि कागदी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच मिळते. पोच नसलेला अर्ज दिला काय, न दिला काय, सारखेच.

ही वाट कुठे चालते? नंबरप्लेटवरचा ३ चा ८ वाचला गेला. फोटोत स्कूटर आहे आणि तुमच्या नावावर मोटार. एकाच जागी एकाच वेळी दोन चलाने निघाली. तुमच्या नंबरची बनावट प्लेट लावून दुसरी गाडी फिरते आहे. गाडी चोरीला गेली होती आणि एफआयआर चलानाच्या तारखेआधीचा आहे. टेबलामागच्या माणसाला फोटो आणि आरसी शेजारी ठेवून मिनिटभरात कळेल, अशा या चुका आहेत. त्याला तेवढाच वेळ असतो आणि तेवढाच अधिकार. ‘अधिसूचना बेकायदा आहे’ असा मुद्दा त्याच्यापुढे मांडून काही होत नाही. तो फोटो बघतो, गाडी तुमची दिसते, तक्रार फेटाळतो.

अर्ज एका पानाचा असावा. चलान क्रमांक, वाहन क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, कलम; मग एकच कारण, दोन-तीन वाक्यांत; मग जोडलेल्या कागदांची यादी. सगळ्यात जास्त तक्रारी दोन कारणे एकत्र घातल्यामुळे बुडतात. ‘ती गाडी माझी नाही, आणि तिथे बोर्डही नव्हता’ असे लिहिणाऱ्याला बोर्ड नव्हता हे कसे कळले, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडणारच. बनावट प्लेटच्या प्रकरणात आपल्या गाडीचे पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो जोडा, आणि फरक शब्दांत सांगा: आरसे, सीटकव्हर, बंपरवरचा पोचा, प्लेटवरच्या अक्षरांची ठेवण. शिवाय पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार द्या, नाहीतर चलाने येतच राहतील.

तक्रार पडून आहे म्हणजे मुदत थांबली, असे मात्र समजू नका. नोटिशीवर छापलेली तारीखच खरी. ती जवळ आली आणि उत्तर नसेल, तर पुढची वाट धरावी.

लोकअदालत: मिटवण्याची जागा, निकालाची नव्हे

राष्ट्रीय लोकअदालत साधारणपणे वर्षातून चार वेळा भरते. प्रलंबित चलानांच्या नोटिसा बहुधा मोबाइलवर येतात. कोर्ट फी लागत नाही, वकील लागत नाही, एकाच दिवसात सगळी चलाने निकाली निघतात. पाच-सहा चलाने साचलेल्या माणसाला यासारखी सोय नाही. सवलत मिळेलच असे मात्र नाही. ती त्या त्या वेळी, त्या त्या जिल्ह्यात काय ठरते त्यावर असते. जाण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीत विचारून घ्यावे.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोकअदालत ‘चलान चुकीचे आहे’ असा निकाल देत नाही. दोन्ही बाजू तयार असतील तर तडजोड होते, नसतील तर प्रकरण परत जाते. झालेला निवाडा अंतिम असतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार त्याच्यावर अपील नाही. म्हणून ज्याला निर्दोष ठरायचे आहे, त्याने या रांगेत उभे राहू नये.

कोर्ट: खरा वाद इथेच, पण तयारीनिशी

चलान आभासी न्यायालयात, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात गेले असेल, तर तिथे दंड भरणे किंवा खटला लढवणे असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडला की प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे, म्हणजे बहुधा तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. मग समन्स येते, तारीख पडते. पहिल्याच तारखेला ‘गुन्हा कबूल आहे का’ असे विचारतात. घाईत, गर्दीत, संपवून टाकू या म्हणून हो म्हटले की तिथेच दंड होतो, आणि मग फोटोंचा गठ्ठा पिशवीतच राहतो. लढायचे असेल तर ‘कबूल नाही’ एवढेच स्पष्ट सांगावे.

वकील सक्तीचा नाही, आपली बाजू आपण मांडता येते. वकील केला तर त्याची फी दंडाच्या वर जाणार हे गृहीत धरा. परगावचे चलान असेल तर खरा खर्च प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजाचा. प्रत्येक तारखेला हजर राहण्यातून सूट मागता येते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम २२८), पण ती देणे न्यायालयाच्या हाती आहे आणि त्यासाठी वकील लागतो.

लढण्याजोगे मुद्दे मोजकेच आहेत. पहिला, मनाईचा आधार. ‘नो पार्किंग’ हे रंगवलेल्या पत्र्याने ठरत नाही. त्यामागे अधिकार असलेल्या प्राधिकरणाचा आदेश लागतो. मोटार वाहन कायद्याची कलमे ११५ ते ११७ ही त्याची नेहमीची मुळे, आणि पार्किंगच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय अपेक्षित असतो. छोट्या गावात कधी दुकानदारच आपल्या दारापुढे बोर्ड टांगतो, कधी नगरपालिकेचा जुना आदेश रस्ता रुंद झाल्यावर बदललेलाच नसतो. पी-१, पी-२ म्हणजे सम-विषम तारखांच्या रस्त्यांवर तर एका बाजूचा बोर्ड शाबूत आणि दुसऱ्या बाजूचा पुसलेला, असे सर्रास दिसते.

हे शोधायला माहितीचा अधिकार वापरा. पोलीस अधीक्षक कार्यालय आणि नगरपालिका, दोन्हीकडे वेगवेगळे अर्ज. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागायचे इतकेच: ‘अमुक रस्त्यावर अमुक ते अमुक ठिकाणापर्यंत पार्किंग मनाईचा आदेश, त्याची तारीख आणि फलक बसवल्याची नोंद.’ उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून चलान आले त्याच आठवड्यात अर्ज टाका.

दुसरा मुद्दा, फलक दिसत नसल्याचा. याचे फोटो त्याच दिवशी काढा. आठवड्याने झाडाची फांदी छाटलेली असते. रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून रुंद फोटो, गाडीच्या जागेवरून चारी दिशांना एकेक, आणि मागच्या चौकापासून जागेपर्यंत चालत घेतलेला सलग व्हिडिओ. फ्रेममध्ये ओळखता येईल असा विजेचा खांब किंवा दुकानाची पाटी हवी. मूळ फाइल फोनमध्ये जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोत वेळ-ठिकाणाची मूळ नोंद राहत नाही. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. पोलिसांच्या फोटोलाही हाच नियम आहे, हे लक्षात असू द्या.

तिसरा मुद्दा मुदतीचा. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सहा महिन्यांनंतर न्यायालय दखल घेत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५१४). मोजणी खटला दाखल झाल्याच्या तारखेपर्यंत होते, समन्स हातात पडल्याच्या तारखेपर्यंत नव्हे. आणि उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. म्हणजे उपयोगी मुद्दा, पण त्याच्याच भरवशावर राहण्याजोगा नाही. टोईंगच्या प्रकरणात आणखी एक: मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार गाडी हलवण्याचा आदेश हद्दीतल्या गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याचा हवा. कंत्राटदाराच्या मुलांनी आपल्या मनाने गाडी उचलली असेल, तर तो व्हिडिओ मोलाचा आहे.

काहीच न करणे

ही पाचवी वाट फार लोकप्रिय आहे. चलान पडून राहते आणि आडवे येते ते नेमके गाडी विकताना किंवा फिटनेसच्या वेळी. अनेक दुचाकींच्या नोंदीत मोबाइल क्रमांक एजंटचा किंवा शोरूमचा असतो, त्यामुळे मालकाला चलान झाल्याचे कळतच नाही. परिवहन संकेतस्थळावर आपला मोबाइल क्रमांक टाकून घ्या. विकलेल्या गाडीचे चलान तुमच्याकडे येत असेल, तर आरटीओच्या नोंदीत मालक अजून तुम्हीच आहात. राज्यातल्या राज्यात विक्री कळवायला विक्रेत्याला १४ दिवस असतात. अशा वेळी विक्रीचा करार आणि ताबा दिल्याची पावती तक्रारीला जोडा, पण नोंद बदलेपर्यंत पुढची चलानेही तुमच्याच नावाने निघतील.

आणि चलानाच्या नावाने एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये प्रोग्रॅम बसवणारी) किंवा अनोळखी लिंक आली तर ती उघडू नका. त्यातून बँक खाती रिकामी झालेली आहेत. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असते. तो पत्ता स्वतः टाइप करून वाहन क्रमांक शोधा. चलान खरे असेल तर तिथे दिसेल.