सीडी ४०११ आणि ७४००: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लातूरच्या आमच्या तंत्रनिकेतनातील प्रयोगशाळेत गेल्या पावसाळ्यापासून सीडी ४०११ आणि ७४०० या दोन्ही जुन्या आयसी (सर्किट सामावलेल्या छोट्या चिप) शेजारीशेजारी वापरात आहेत. दोन्हींत चार-चार नँड गेट (सगळी इनपुट १ असतील तरच आउटपुट ० देणारी सर्किटे) असले तरी पायांची मांडणी वेगळी असल्याने एकीच्या जागी दुसरी सरळ बसत नाही.

खरा फरक वेगाचा आहे. इनपुट बदलल्यापासून आउटपुट बदलेपर्यंत ७४०० ला साधारण १० नॅनोसेकंद लागतात, तर ४०११ ला ५ व्होल्टवर १२५ च्या आसपास लागतात आणि डेटाशीट (उत्पादकाचे माहितीपत्रक) कमाल २५० पर्यंतची मुभा ठेवते. ४०११ मधील ट्रान्झिस्टर कमी प्रवाह देत असल्यामुळे तार आणि पुढचे गेट यांची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) भरायला वेळ लागतो; पुरवठा वाढवला की हाच विलंब १० व्होल्टवर सुमारे ६० आणि १५ व्होल्टवर ४५ नॅनोसेकंदांवर येतो.

हे पाहायला महागडा ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारे यंत्र) लागत नाही. तीन गेट इन्व्हर्टर (० चे १ आणि १ चे ० करणारे गेट) म्हणून एकापुढे एक जोडून शेवटचे आउटपुट पहिल्याच्या इनपुटला दिले, की सर्किट आपोआप आंदोलने करू लागते आणि एका आंदोलनाला एका गेटच्या विलंबाच्या सहापट वेळ लागतो. मोजणीची तार, म्हणजे प्रोब, लावताच वारंवारता थोडी उतरते, कारण प्रोबची धारिताही त्या बिचाऱ्या गेटलाच भरावी लागते.

विलंबाचा खरा त्रास रिपल काउंटरमध्ये, म्हणजे प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या बदलाने चालणाऱ्या मोजणी सर्किटमध्ये, होतो. ७ वरून ८ वर जाताना चारही फ्लिपफ्लॉप (एकेक बिट साठवणारी सर्किटे) एकामागून एक बदलतात, त्यामुळे क्षणभर ६, ४ आणि ० हे आकडेही उमटतात आणि डीकोडरच्या (आकडा ओळखून त्याची ठरलेली आउटपुट चालू करणाऱ्या सर्किटच्या) आउटपुटवर नको असलेले बारीक स्पाइक दिसतात. एलईडीवर ते कळत नाहीत. तेच आउटपुट दुसऱ्या काउंटरच्या क्लॉकला (ज्या इनपुटवरचे ठोके तो मोजतो त्याला) दिले, की मोजणी हमखास बिघडते.

वीज वारंवार जाणाऱ्या आमच्या भागात मात्र ४०११ उजवी ठरते. ती ३ ते १८ व्होल्टवर चालते आणि स्वस्थ असताना जवळजवळ काहीच वीज खात नाही. ७४०० चे एकेक गेट नुसते बसून सुमारे १० मिलिवॉट घेते आणि तिला ५ व्होल्टही नेमकेच लागतात. पाण्याच्या टाकीच्या पातळीदर्शकासाठी मी डोळे झाकून ४०११ घेईन. मेगाहर्ट्झमध्ये मोजणी करायची असेल, तर ७४०० पेक्षाही ७४एचसी०० (तिचीच सीमॉस प्रकारातली, कमी वीज खाणारी आवृत्ती) घ्यावी: वेग तिच्याच तोडीचा आणि वीज अगदी थोडी.