सांगलीहून पार्सल पाठवताना: अ‍ॅग्रिगेटर, स्पीड पोस्ट आणि ट्रॅव्हल्सची डिकी

अर्धा किलो हळद पावडर आणि अर्धा किलो भडंग काट्यावर सारखंच भरतं. कुरिअरच्या मोजणीत मात्र भडंग जवळपास तिप्पट जड असतं. सांगलीतून ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यानं शिपिंगची कुठलीही सेवा आधी या एका फरकावर पारखावी. 'अमुक रुपयांपासून देशभर' ही पाटी नंतर वाचली तरी चालेल.

कुरिअर दोन वजनं काढतं. एक काट्यावरचं आणि एक आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० नं भागायची की आकारमानाचं वजन किलोत मिळतं. दोन्हीपैकी जे जास्त, त्यावर भाडं. पाव किलोची भडंगाची दोन पाकिटं न चुरडता बसतील असा २८ × २२ × १२ चा खोका घ्या. गुणाकार ७३९२, भागाकार १.४८. म्हणजे अर्ध्या किलोच्या मालाला दीड किलोचं भाडं. खोका लहान केला तर चुरमुऱ्यांचा भुगा होतो आणि ग्राहक फोटो पाठवतो. पाकिटात हवा जरा कमी भरून खोक्याची उंची १२ वरून १० वर आणली, तर वजन १.२३ वर येतं, पण स्लॅब तोच राहतो, कारण बहुतेक दरपत्रकं अर्ध्या किलोच्या टप्प्यानं चढतात. एक किलोच्या आत यायचं तर गुणाकार ५००० च्या आत आला पाहिजे, आणि अर्धा किलो भडंग त्यात बसवणं अवघड आहे. त्यामुळे भडंगाचं भाडं मालाच्या किमतीतच धरलेलं बरं.

हळदीची गोष्ट उलटी. तिथं आकारमान आड येत नाही, काही ग्रॅम येतात. ५०० ग्रॅम हळद, १०-१२ ग्रॅमचा पाउच, वर कुरिअर बॅग आणि बिलाचा कागद: काटा ५३० च्या आसपास जातो आणि भाडं थेट एक किलोचं लागतं. त्यापेक्षा ४५० ग्रॅमचं पॅक करावं. पाउच आणि बॅगसकट ते ४८० पर्यंत बसतं. बेदाण्याचंही तेच: एक किलोऐवजी ९०० ग्रॅम भरले, तर ७० ग्रॅमच्या खोक्यासह एक किलोच्या आत येतात. खोका २४ × १८ × ११ चा घेतला की आकारमानही ०.९५ वर थांबतं. ग्राहकाला वजन कमी वाटू नये म्हणून पाकिटावर एमआरपीसोबत प्रति ग्रॅम किंमत ठळक छापा. ती छापायची असतेच.

आता सेवांकडे वळू.

कुरिअर अ‍ॅग्रिगेटर म्हणजे एकाच ऑनलाइन पॅनलवर अनेक कुरिअर. स्वतः कुठल्या कुरिअरशी करार करायचा तर महिन्याला ठरावीक माल द्यावा लागतो. दिवसाला पाच-पंधरा ऑर्डरींच्या दुकानाला ते झेपत नाही, म्हणून पॅनल. यांची जमेची बाजू खरी आहे. ग्राहकाचा पिनकोड टाकला की कोणतं कुरिअर तिथं जातं, किती घेतं, किती दिवस लावतं हे समोर येतं. दुकानाची वेबसाइट जोडली की ऑर्डर आपोआप पॅनलवर उतरते, लेबल निघतं, एडब्ल्यूबी नंबर (पार्सलाचा ट्रॅकिंग नंबर) ग्राहकाला मेसेजनं जातो. एवढ्यासाठी पॅनल घ्यावंच.

जोडणी करताना एक गफलत हमखास होते. वेबसाइटवर प्रत्येक मालाचं वजन भरायचा रकाना असतो, तिथं लोक निव्वळ वजन टाकतात किंवा रकाना रिकामा सोडतात. रिकामा असला की पॅनल स्वतःच अर्धा किलो धरतं, आणि दीड किलोचं भडंग अर्ध्या किलोचं लेबल घेऊन निघतं. तिथं पॅक केलेलं वजन आणि खोक्याची मापं भरायची. एकाच ऑर्डरीत तीन पाकिटं असली तर मापं हातानं दुरुस्त करायची, कारण पॅनल वजनं बेरजेत धरतं, मापं बहुधा पहिल्याच मालाची ठेवतं.

दुसरी गफलत दराची. पॅनलच्या पहिल्या पानावरचा दर एकाच शहरातल्या अर्ध्या किलोचा असतो. झोनची विभागणी साधारण अशी: त्याच शहरात, त्याच राज्यात किंवा विभागात, महानगर ते महानगर, उरलेला देश, आणि शेवटी ईशान्य भारत व काश्मीर. सांगली महानगरांच्या यादीत नाही. त्यामुळे इथून दिल्लीला गेलेलं पार्सल 'उरलेला देश' या रकान्यात पडतं, मुंबईच्या दुकानदाराला मिळणारा मधला दर आपल्याला लागू होत नाही. दर बघताना पिकअप पिनकोड ४१६४१६ टाकूनच बघा. भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. आणि स्वतःच्या वेबसाइटवरून करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते.

पॅनलची खरी डोकेदुखी म्हणजे वॉलेट. पैसे आधी भरायचे, पार्सल निघालं की कापले जातात. नंतर हबमध्ये यंत्र पार्सल मोजतं आणि वजन जास्त निघालं की फरकही वॉलेटमधूनच जातो. यंत्र खोक्याचा सर्वांत उंच बिंदू धरतं, म्हणून फुगलेला खोका किंवा वर आलेली टेपची घडीसुद्धा महागात पडते. हरकत घ्यायला मुदत असते, बहुधा आठवड्याभराची, आणि पुरावा फोटोचाच चालतो. प्रत्येक पार्सलाचे चार फोटो काढून ठेवायचे: काट्यावर ठेवलेला, आकडा दिसेल असा, आणि लांबी, रुंदी, उंचीला टेप लावलेला, लेबल दिसेल असा. मोघम फोटोवर हरकत टिकत नाही. वॉलेट उणे झालं की नवी लेबलं अडतात, हे दिवाळीच्या आठवड्यात कळणं फार वाईट.

पैसे यायचेही टप्पे असतात. सीओडीचे, म्हणजे ग्राहक पार्सल हातात आल्यावर देतो ते पैसे, पार्सल पोचल्यावर आठवडाभरानं, ठरलेल्या वारी खात्यात येतात. लवकर हवे असतील तर वेगळं शुल्क. हळदीचा शेतकरी आठवडाभर थांबत नाही, तेव्हा हे भांडवल आधीच बाजूला ठेवावं लागतं.

सीओडीचा विषय निघालाच आहे तर आरटीओ. गाड्यांचं ऑफिस नव्हे, पाठवणाऱ्याकडे परत आलेलं पार्सल. हिशेब करून बघा. जायचं भाडं ७० आणि यायचं ६० धरा. १०० सीओडी पार्सलं पाठवली, २० परत आली. जाण्याचे ७०००, परतीचे १२००, एकूण ८२००. पोचलेली ८०. म्हणजे एका पोचलेल्या पार्सलाला १०२ रुपये ५० पैसे. दोन पॅनलांच्या दरात तीन रुपयांचा फरक शोधण्यात घालवलेला वेळ इथं एका फटक्यात वाया जातो. ज्या पॅनलवर परतीचं भाडं जाण्याइतकंच आहे, त्याला आमच्या लेखी एक तारा कमी.

परतीचं मूळ बहुतेक वेळा पत्त्यात असतं. 'मारुती मंदिराजवळ, मु. पो.' एवढ्यावर पोस्टमन पोचतो, कुरिअरचा पोरगा नाही. पिनकोड गावाचा नसून पोस्ट ऑफिसचा असतो, एका पिनकोडाखाली बरीच गावं येतात, म्हणून चेकआउटमध्ये गाव आणि तालुका हे दोन रकाने सक्तीचे करा. ऑर्डर आली की त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता परत पाठवून 'बरोबर आहे का?' विचारा. सीओडीच्या ऑर्डरीला उत्तर येईपर्यंत लेबल काढू नका.

पार्सल नाकारलं, दार बंद होतं, फोन लागला नाही, अशा नोंदी पॅनलवर एनडीआर म्हणून येतात. साधारण तीन खेपा होतात, मग पार्सल परत फिरतं. एनडीआर दिसल्याच्या दिवशीच ग्राहकाला फोन करा. 'कोणी आलंच नाही' असं ग्राहक म्हणाला तर पॅनलवर खेपेची वेळ आणि कॉलची नोंद मागा. कुरिअरचा माणूस खेप न करताच शेरा मारतो, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. आटपाडी किंवा जत तालुक्यातल्या आतल्या गावांना कित्येकदा फोन येतो तो 'तालुक्याला येऊन घेऊन जा' असा. ग्राहक जात नाही, पार्सल परत.

अशा पत्त्यांसाठी स्पीड पोस्ट. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि गावच्या शाखा डाकघरातला माणूस घरं ओळखतो. पैसे आधीच आलेले असतील आणि पत्ता खेड्याचा असेल तर दुसरा विचार करू नये. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. पुढच्याच महिन्यात दर बदलले, पण ते कागदपत्रांच्या स्पीड पोस्टाचे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तोच तक्ता बघून कित्येकांनी हळदीचं भाडं आखलं. पार्सलाचा दर टपाल खात्याच्या संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरमध्ये वजन आणि दोन्ही पिनकोड टाकून बघा. पावतीवरचा नंबर १३ अक्षरांचा असतो, शेवटी आयएन. तो ग्राहकाला फोटोनं नको, टाइप करून पाठवा, म्हणजे शून्य आणि ओ यांची गल्लत होत नाही.

टपालाची अडचण काउंटरवर आहे. दहा पार्सलं घेऊन दुपारी मुख्य पोस्टात उभं राहिलं की मागची रांग कुरकुरते. रोजचा माल असेल तर बल्क ग्राहक म्हणून करार करा, मग यादी आधी देता येते आणि सीओडीही मिळते. ट्रॅकिंगमधल्या नोंदी कुरिअरपेक्षा विरळ दिसतात. शहरी ग्राहक त्यानं अस्वस्थ होतो, गावाकडचा होत नाही. किमती मालाला विमा वेगळा काढावा लागतो.

ट्रॅव्हल्सची डिकी आणि एसटीचं पार्सल यांना कोणी सेवा म्हणून तारे देत नाही, पण वीस किलो बेदाणा पुण्यातल्या एकाच दुकानदाराला द्यायचा असेल तर याहून स्वस्त आणि जलद काही नाही. रात्री चढवला, सकाळी पोचला. घरपोच नाही, ट्रॅकिंग नाही, पावती जपा आणि गाडीचा नंबर पाठवा, बस्स.

पॅकिंगवर थोडं, कारण इथला दोष कुरिअरच्या नावावर खपवला जातो. हळदीचा पाउच फुटत नाही, तो सीलला सुटतो. भरताना पावडरीचा धुरळा तोंडाच्या आतल्या बाजूला बसतो, सीलरची पट्टी दाबली की प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये पिवळी रेघ अडकते आणि तेवढ्या जागी थर चिकटतच नाहीत. दिसायला सील सरळ असतं. म्हणून नरसाळ्यानं भरायचं, तोंड कोरड्या फडक्यानं आतून पुसायचं, मग सील. त्यानंतर पाउच आडवा धरून तळहातानं दाबायचा: हवा सुटल्याचा बारीक आवाज आला तर परत सील. एक पाउच गळला की तोच खराब होत नाही, कुरिअरच्या त्या पोत्यातल्या सगळ्यांच्या पार्सलांना हळद लागते.

लेबल थर्मल प्रिंटरवर ४ × ६ इंची काढा. ते खोक्याच्या कडेवर दुमडू नका, बारकोड स्कॅन होत नाही. त्यावर चकचकीत टेपही मारू नका: चमकेमुळे स्कॅनर अडखळतो आणि काही टेपांच्या डिंकानं थर्मल छपाई फिकी पडते. पिकअपवाला आला की प्रत्येक पार्सल त्याच्या यंत्रावर स्कॅन होताना बघा आणि मॅनिफेस्टवर, म्हणजे दिलेल्या पार्सलांच्या यादीवर, सही घ्या. नुसती पोत्यात टाकून नेलेली पार्सलं दोन दिवस 'लेबल तयार' एवढंच दाखवत राहतात, आणि त्यातलं एखादं हरवलं तर ते दिलं होतं याचा पुरावा फक्त ती सही असते.

पावसाळ्याचं वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कृष्णा शहरात शिरली तेव्हा कोल्हापूरलगतच्या शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गही बंद होता, म्हणजे इथून निघालेला माल दक्षिणेकडे अडकलेला. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोका पातळी. पाणी ३५ च्या पुढे चढायला लागलं की सीओडीची नवी लेबलं थांबवा, वेबसाइटवर 'पाठवायला उशीर' ही पट्टी लावा आणि पेढ्यासारखा नाशवंत माल यादीतून काढा. नदीकाठच्या गावभागातून काम चालत असेल तर कुपवाड किंवा विश्रामबागकडचा एखादा पत्ता दुसरा पिकअप पत्ता म्हणून पॅनलवर मे महिन्यातच नोंदवा. त्याची पडताळणी व्हायला वेळ जातो, आणि पाणी दारात आल्यावर ओटीपीची वाट बघत बसता येत नाही.