एमएस, पुण्याचा उन्हाळा आणि कूलिंग व्हेस्ट : फेब्रुवारी ते ऑक्टोबरचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना लांबलचक वाचताना थकवा येत असेल. पाण्यात भिजवून घालायचा कूलिंग व्हेस्ट, म्हणजे अंग गार ठेवणारं बिनबाह्यांचं जाकीट, पुण्याच्या मार्च ते मेच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी जरूर घ्यावा. मे संपता संपता हवा दमट झाली की तो निकामी होतो. तेव्हा गार पॅक घालायचा व्हेस्ट लागतो आणि तो बराच महाग पडतो. मी दोन्ही वापरले. एकच परवडत असेल तर पुणेकराने भिजवायचा घ्यावा, असं माझं मत आहे.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे. यात आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पुढे जातो आणि शरीराचं आतलं तापमान अर्ध्या अंशाने चढलं तरी तो अडू शकतो. त्यामुळे ‘उन्हाळा काय सगळ्यांनाच होतो’ हे वाक्य मला फार लागतं. घाम येऊन हैराण होणं वेगळं. माझा डावा पाय ओढायला लागतो, एका डोळ्यापुढे धुकं येतं आणि वर्गात बोलता बोलता शब्द सापडेनासे होतात. विल्हेल्म उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये श्रमानंतर रुग्णांची नजर अंधुक होते हे नोंदवलं, म्हणून डॉक्टर याला उहथॉफचं नाव देतात. एमआरआय नव्हतं तेव्हा रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का हे पाहत, इतका उष्णतेचा आणि या आजाराचा संबंध जवळचा आहे.

आम्ही कोथरूडला वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट गच्ची. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पण दुपारची हवा अगदी कोरडी असते आणि हा कोरडेपणाच आपल्या कामाला येतो. भिजवायच्या व्हेस्टचं कापड पाणी धरून ठेवतं. ते पाणी उडून जाताना अंगाची उष्णता घेऊन जातं. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो, म्हणून तो पुण्यात एप्रिलमध्ये छान चालतो आणि मुंबईत चालत नाही.

वापरायची पद्धत सोपी आहे. दोन-तीन मिनिटं बुडवायचा, न पिळता दाबून पाणी काढायचं, झटकायचा आणि सुती कुर्त्यावर घालायचा. पण पाणी कुठलं, याला फार महत्त्व आहे. दुपारी नळाला येणारं गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत असतं. मी सकाळीच बादली भरून मोरीत सावलीला ठेवते आणि भिजवताना वरून माठातलं दोन तांबे पाणी घालते. घराबाहेर उन्हात दीड-दोन तास गारवा टिकतो, सावलीत त्याहून जास्त.

सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, “अगं, एवढे साडेतीन हजार घालवलेस, त्यापेक्षा पंचा ओला करून खांद्यावर टाकायचास की!” घरापुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. पंख्याखाली बसायचं असेल तर ओला पंचा आणि व्हेस्ट यांत मला फारसा फरक जाणवत नाही. फरक पडतो तो बाहेर. पंचा गळत राहतो आणि पाहता पाहता वाळतो. व्हेस्ट घालून मी शाळेत सलग तास घेऊ शकले आणि शेवटच्या तासालाही फळ्यावरचं अक्षर सरळ आलं. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

स्कूटरवर मागे बसणाऱ्या बायकांसाठी एक मुद्दाम सांगते. आपण पुण्यात स्कार्फ गुंडाळतो आणि वर सनकोट चढवतो. सनकोट व्हेस्टवर घातला की हवा लागत नाही, पाणी उडत नाही आणि अंगावर नुसतं ओलं ओझं राहतं. सनकोट आत, व्हेस्ट बाहेर. लोक बघतात, बघू द्यावं. चालत्या गाडीवर वारा लागतो तेव्हा हा व्हेस्ट सर्वात चांगला चालतो. खरी परीक्षा लांबलचक सिग्नलला, खालून डांबर तापलेलं असतं तेव्हा. म्हणून खरेदीला जायचं तर मी आता वनाजहून मेट्रो धरते आणि जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून मंडईला उतरते. सगळा प्रवास एसीत होतो, वर यायला लिफ्ट आहे, आणि तुळशीबागेत पोचेपर्यंत पाय शाबूत असतात.

निगा थोडी राखावी लागते. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने कापडावर पांढरे क्षार बसतात, मग ते पाणी नीट शोषत नाही. पांढरं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अधूनमधून खळबळून घेतलं की सुधारतं. रोज उलटा करून वाळवला नाही तर कुबट वास येतो.

वळवाचे ढग यायला लागले तसा हा व्हेस्ट हरला. हवेतच इतकं बाष्प की पाणी उडायला जागा नाही. तो ओलाच राहायचा, अंगाच्या उष्णतेने कोमट व्हायचा आणि वर त्याचं वजन. अशा वेळी तो न घातलेला बरा.

मग बहिणीने पॅकवाला घेऊन दिला, साधारण चौपट किमतीचा. याच्या पॅकमध्ये ठरावीक तापमानाला गोठणारा पदार्थ असतो आणि पूर्ण वितळेपर्यंत तो त्याच तापमानाला राहतो. त्यामुळे बर्फासारखा चटका बसत नाही. दमट हवेचं याला काही वाटत नाही आणि हा सैल कुर्त्याच्या आत घालता येतो. गणपतीत सकाळी लवकर कसब्याच्या गणपतीचं दर्शन मी यामुळेच घेऊ शकले. उणी बाजू म्हणजे वजन, आणि पॅक परत गोठवायची सोय जवळ लागते. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की फ्रिजही गेला, त्या दिवशी मी बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत पॅक ठेवते. कातडीला बधिरपणा असेल तर गार पॅक थेट अंगाला लावू नका. इजा झालेली कळतही नाही.

दोन्ही व्हेस्टपेक्षा मोलाची एक सवय लागली : तापायच्या आधी गार होणं. बाहेर पडण्यापूर्वी कोमटपासून हळूहळू गार करत नेलेली अंघोळ, किंवा ते जमत नसेल तर पाय पाण्यात सोडून पेलाभर गार ताक. अंग तापल्यावर घातलेला व्हेस्ट बराच वेळ नुसती बरोबरी साधत बसतो. आणि पाणी पीत राहा. लघवीच्या घाईमुळे आपल्यातल्या कितीतरी जणी बाहेर जाताना पाणीच पीत नाहीत, मला हे माहीत आहे. त्यातच या घाईवरच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, म्हणजे अंग गार व्हायची वाट आणखी अरुंद होते. उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांशी यावर मोकळेपणाने बोला.

उष्णतेने वाढलेली लक्षणं गार झाल्यावर ओसरतात, त्याने मज्जातंतूंचं नवं नुकसान होत नाही. हे कळल्यापासून माझी भीती निम्मी झाली. मात्र गार होऊनही चोवीस तासांत लक्षण गेलं नाही, किंवा अगदी नवंच काही दिसलं, तर ऊन म्हणून सोडून देऊ नका, न्यूरॉलॉजिस्टला कळवा. ताप असेल तर तापाचं कारण शोधा, कारण साध्या लघवीच्या संसर्गानेही पाय असाच धरतो.

दुसरे ऑटोइम्यून आजार, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते असे आजार असणाऱ्यांनी माझा अनुभव जसाच्या तसा उचलू नये. त्यांतल्या लूपस या आजारात त्रास सूर्याच्या अतिनील किरणांचाही असतो, तिथे व्हेस्ट घातला तरी सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या सुटत नाहीत. गार लागलं की बोटं पांढरी-निळी पडत असतील, तर पॅक हातमोजे घालूनच हाताळावेत. ग्रेव्हज या थायरॉइडच्या आजारात उकाडा सहन न होण्याचं कारण वाढलेलं थायरॉइड संप्रेरक असतं, म्हणून तिथे आधी औषध.

घेताना माप नेहमीच्या कुर्त्यावर घालून बघा. भिजवायचा अंगाला टेकेल इतपत घट्ट हवा, पॅकवाल्याचे पट्टे बसल्यावरही पोटाला काचायला नकोत. पुढून चेन असलेलाच निवडा. डोक्यातून घालायचा ओला व्हेस्ट थकलेल्या हातांनी काढताना फार त्रास होतो.