टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातून ऑनलाइन बीसीए : चार सेमिस्टरनंतर

गेल्या आठवड्यात चौथ्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर दिला. प्रवेश घेताना मी असा अनुभव खूप शोधला होता, पण सापडायचं ते एकतर जाहिरात नाहीतर शिव्या. म्हणून सविस्तर लिहितोय. संस्थेचं नाव घेणार नाही. मला आलेल्या अडचणी बहुतेक अशाच ठिकाणी कमीजास्त असणार.

माझ्याबद्दल थोडं. सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात नऊ वर्षं आहे. बारावी कॉमर्स, मराठी माध्यम, नंतर टॅली. लॉकडाऊनमध्ये एक्सेलचे मॅक्रो शिकलो आणि तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. वय ३३, मुलगी दुसरीत. आमच्या बरोबरीची निम्मी पोरं हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. मला ते जमण्यासारखं नव्हतं. मित्रांना सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "काय बे, ह्या वयात कॉलेज?"

आधी नावाचा घोळ. मी 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची ऑनलाइन डिग्री' असं शोधत होतो. दोन दिवसांत फोन सुरू झाले. एकजण छातीठोकपणे म्हणाला, "सर, ऑनलाइन बी.टेक. करून देतो, नोकरी करत करत." असल्या माणसाचा नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करा. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार इंजिनिअरिंगची पदवी ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने देता येत नाही. वैद्यकीय, फार्मसी, आर्किटेक्चर, नर्सिंग, कायदा हेही त्याच यादीत. आपल्याला मिळते ती बीसीए, म्हणजे कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशनची पदवी, किंवा बीएस्सी. त्यात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा एक विषय असतो, सोबत डेटाबेस, डेटा स्ट्रक्चर, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, जावा वगैरे. शिकायचं तेच शिकता येतं, पण बायोडाटावर 'इंजिनिअर' लिहिता येत नाही. हे आधी पचवून घ्या, मगच फी भरा.

संस्थेला त्या वर्षासाठी आणि त्या अभ्यासक्रमासाठी परवानगी आहे का, हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत स्वतः बघा. दलालाने पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नका. पदवीच्या किमतीचं म्हणाल तर सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने पत्रक काढून मान्यताप्राप्त संस्थांच्या ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्या नेहमीच्या पदवीला समकक्ष असल्याचं सांगितलंय. कागदावर तरी प्रश्न मिटलाय.

आयआयटी मद्रासचा २०२० ला सुरू झालेला ऑनलाइन पदवीक्रमही पाहिला होता. त्याला जेईई लागत नाही, पण आधी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन होतात. माझा एक मित्र त्यात आहे. त्याच्या अभ्यासातलं गणित पाहिलं आणि मी गुपचूप माघारी फिरलो. ज्यांचं गणित पक्कं आहे त्यांनी माझं हे लिखाण इथेच सोडून तिकडे वळावं, खरंच सांगतो.

माझा खर्च सेमिस्टरला २३,००० रुपये, परीक्षा शुल्क धरून. सहा सेमिस्टरचे १,३८,०००. हप्ते करून मिळाले.

आता रोजचं. जाहिरातीत 'तुमच्या सोयीच्या वेळी शिका' असं असतं. सोयीची वेळ म्हणजे रात्री दहानंतरची, कारण त्याआधीची सगळी वेळ दुसऱ्यांच्या सोयीची असते. मला आठवड्याला बारा तास लागतात. त्यातले चार-पाच व्हिडिओत जातात, बाकीचे स्वतः कोड लिहिण्यात आणि तो का चालत नाही हे शोधण्यात. पहिल्या सेमिस्टरला मी उलटं केलं. व्हिडिओ दीडपट वेगाने संपवले, टक्केवारीची हिरवी पट्टी शंभरवर नेली आणि सी भाषेतल्या पॉइंटरच्या पहिल्याच प्रोग्रामला आडवा झालो. व्हिडिओ बघताना सगळं कळतंय असं वाटतं. पोहण्याचे व्हिडिओ बघूनही तसंच वाटत असणार.

इंग्रजीची भीती मला सगळ्यात जास्त होती, ती तिसऱ्या महिन्यात गेली. तांत्रिक इंग्रजीत शब्द थोडेच असतात, तेच ते फिरून येतात. जिथे अडलो तिथे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले छोटे धडे ऐकले. फुकट आहेत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानमालेचे व्हिडिओही फुकट, परीक्षा द्यायची तरच पैसे. खरं सांगायचं तर डेटाबेस मी निम्माअधिक एनपीटीईएलवरूनच शिकलो, आणि फी मात्र दुसरीकडे भरली.

शंका विचारण्याची सोय हा सगळ्यात कच्चा दुवा. लाइव्ह तास रविवारी सकाळी असतो, त्यात दीडशे जण, शिक्षक स्लाइड वाचतात. लेखी शंका टाकली तर उत्तर चार दिवसांनी येतं आणि 'कृपया युनिट ३ पाहा' एवढंच असतं. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दिवसभर 'नोट्स पाठवा' आणि असाइनमेंटची तयार उत्तरं. ३० गुण अंतर्गत, ७० सत्रान्त परीक्षेचे. त्या ३० पैकी २६-२७ सगळ्यांनाच पडतात, ज्याने स्वतः केलं त्यालाही आणि ज्याने जसंच्या तसं चिकटवलं त्यालाही. ह्याचा राग यायचा. आता येत नाही, सवय झाली.

परीक्षेची गंमत वेगळीच. घरबसल्या परीक्षा, कॅमेरा चालू, माइक चालू. आमचं घर पूर्व भागात. खालच्या मजल्यावर माग, समोरच्या घरात माग, गल्लीत रात्रंदिवस खटाखट. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही, बंद पडला तर दचकतो. परीक्षेच्या सॉफ्टवेअरला मात्र तो बरोबर ऐकू आला. पहिल्या वीस मिनिटांत 'पार्श्वभूमीला आवाज आढळला' अशा तीन सूचना, आणि चौथीला पेपर आपोआप जमा होणार. मी लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात गेलो तर 'परीक्षार्थी जागेवर नाही'. तो पेपर कसाबसा सुटला, ४१ गुणांवर. तेव्हापासून परीक्षा ताईच्या फ्लॅटवर, जुळे सोलापुरात. इन्व्हर्टर आहे, माग नाहीत. जानेवारीतली परीक्षा नेमकी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत येते. मुलीला होम मैदानावर पाळण्यात बसवायचं शेवटच्या दिवसांवर ढकललं जातं. हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, नंतर सांगितलं की महाग पडतं.

मग सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय, तिसऱ्या सेमिस्टरला. ज्याच्यासाठी आलो तोच. पुस्तकात तो अतिशय कोरडा आहे. व्याख्या, मॉडेल, फायदे-तोटे. टप्प्याटप्प्याने सॉफ्टवेअर बनवायचं 'वॉटरफॉल मॉडेल' विन्स्टन रॉयस या अमेरिकी तज्ज्ञाने १९७० मध्ये मांडलं, हे एका गुणाला विचारतात. मी कुतूहलाने तो मूळ लेख शोधून वाचला. त्यात वॉटरफॉल हा शब्दच नाही, आणि एकामागून एक टप्प्यांची ती आकृती काढून लगेच तो म्हणतो की असं करणं धोक्याचं आहे. पन्नासएक वर्षं लोक आकृती बघून पुढे निघाले, खालची ओळ वाचलीच नाही! परीक्षेत मात्र अपेक्षित उत्तरच लिहिलं.

'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द रुळला १९६८ मध्ये, जर्मनीत गार्मिशला नाटोने भरवलेल्या परिषदेनंतर. प्रकल्प वेळेत होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता, म्हणून जाणकार एकत्र बसले होते. हे वाचताना मला ते आपल्यापासून लांबचं वाटलं. दोन महिन्यांनी कळलं, फारसं लांब नाही.

त्या विषयाला छोटा प्रकल्प होता. बाकीच्यांनी ग्रंथालय नाहीतर हॉटेलचं बुकिंग घेतलं, तयार मिळतं म्हणून. मी आमच्या कारखान्याचा बटवडा, म्हणजे आठवड्याच्या मजुरीचं वाटप, घेतला. विणकरांना कामावर पैसे. किती डझन निघाले त्याचा हिशोब, त्यातून उचल वजा, शनिवारी बटवडा. वहीवर चालायचं. मी तीन टेबलं केली : कामगार, माग, उत्पादन. मागाच्या टेबलात एक रकाना, कामगाराचा नंबर. आकृती देखणी झाली, १० पैकी ९.

ती आमच्या जॉबरला, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्या माणसाला, दाखवली. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, तीस वर्षं मागांत गेलीत. चष्मा वर करून त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "बदलीवाला कुठं लिहायचा ओ ह्यात?"

एक माणूस दोन माग बघतो, कधी चार. मध्येच कुणाला ताप आला की बदली कामगार त्याच पाळीत त्याच मागावर उभा राहतो, आणि निघालेला माल दोघांत वाटायचा असतो. म्हणजे एका माणसाला अनेक माग आणि एका मागाला अनेक माणसं. माझ्या त्या एका रकान्यात हे बसणारच नव्हतं. मध्ये चौथं टेबल घालावं लागतं, कोण, कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत. हे 'अनेकाला अनेक' नातं मी डेटाबेसच्या पेपरात व्यवस्थित सोडवलं होतं, विद्यार्थी आणि विषय असं उदाहरण घेऊन. समोर विणकर आणि माग आल्यावर ओळखू आलं नाही. 'रिक्वायरमेंट गोळा करणे' हा धडा मी त्या दिवशी मागाशेजारी उभा राहून शिकलो. पुस्तकात त्याला सात पानं आहेत, अण्णांनी एका प्रश्नात आटपलं.

सुधारून चालू केलं. दुसऱ्याच आठवड्यात बटवड्याच्या दिवशी ऑफिसबाहेर अकरा जण उभे. प्रत्येकाला दोनशे ते चारशे रुपये कमी. हप्ता शुक्रवारी बंद होतो, पण शुक्रवारची रात्रपाळी शनिवारी सकाळी आठला संपते. मी नोंदीची तारीख कॉम्प्युटरच्या घड्याळातून घेत होतो. मध्यरात्रीनंतरचा सगळा माल पुढच्या हप्त्यात गेला. वही ठेवली होती म्हणून वाचलो. तासाभरात हाताने हिशोब करून फरक दिला. मालक काही बोलले नाहीत, नुसते बघत होते, ते जास्त लागलं.

यातला झोंबणारा भाग असा की तीनच आठवडे आधी टेस्टिंगच्या चाचणीत मी 'बाउंडरी व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस'ला पैकीच्या पैकी गुण घेतले होते. १ ते १०० चालत असेल तर ०, १, २ आणि ९९, १००, १०१ तपासा, कारण चुका कडेलाच असतात. पाठ होतं. पण रात्रीचे बारा ही सुद्धा एक कड आहे, हे सुचलं नाही. आता 'पाळीची तारीख' असा वेगळा रकाना आहे आणि प्रत्येक बदलानंतर शुक्रवार रात्रीची खोटी नोंद टाकून बघितल्याशिवाय मी काहीच चालू करत नाही.

म्हणून कुणी विचारलं की पैसे वसूल होतात का, तर मी उलट विचारतो, शिकलेलं लावायला जागा आहे का? दुकान, कारखाना, पतसंस्था, मामाचं मेडिकल, काहीही चालेल. समोर चिडणारा माणूस हवा. ती जागा असेल तर हा अभ्यासक्रम कामाचा आहे, कारण घडलेल्या गोष्टीला नाव काय आणि ती पुन्हा घडू नये म्हणून काय करतात, हे त्यात नीट क्रमाने मिळतं. नुसता यूट्यूबवर असतो तर मी कधीच नॉर्मलायझेशनपर्यंत, म्हणजे डेटाबेसची टेबलं नीट विभागण्यापर्यंत, पोचलो नसतो, कंटाळून सोडलं असतं. परीक्षेची तारीख आणि भरलेली फी ढकलत राहते. आणि बारावीनंतर थेट घरी बसून करणाऱ्या पोरांनी? शक्य असेल तर त्यांनी गावातलं कॉलेज बघावं. ज्या वयात चार मित्रांनी तुमचा कोड बघून हसायला पाहिजे त्या वयात एकट्याने स्क्रीनपुढे बसू नये.

एक मोठी उणीव सांगायची राहिली. चार सेमिस्टरमध्ये गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, कुणी शिकवलं नाही. २००५ पासूनची गोष्ट, आज कुठल्याही कंपनीत पहिल्या दिवशी लागते. ते मी स्वतः शिकलो, दोनदा सगळा कोड उडवून. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायचा सरावही शून्य. सगळे प्रकल्प कोऱ्या पानावर सुरू होतात, नोकरीत तसं पान कुणी देत नाही.

नोकरीचं अजून सांगण्यासारखं नाही. पुण्यातल्या दोन जाहिरातींना अर्ज केला, दोन्हीकडे बी.ई., बी.टेक. हीच अट होती. एका छोट्या कंपनीने फोनवर वीस मिनिटं बोलणं केलं. पदवीचं विचारलंच नाही, बटवड्याच्या प्रोग्रामचं विचारत बसले, पण त्यांना माणूस पुण्यात राहणारा हवा होता. मालकांनी पगार दोन हजारांनी वाढवलाय. दोन वर्षांचं एमसीए पुढे करायचं डोक्यात आहे, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सध्या अण्णांची नवी मागणी आहे. बटवड्याची चिठ्ठी तेलुगूतही निघाली पाहिजे, कारण जुन्या तेलुगूभाषक कामगार बायकांना मराठी आकडे वाचता येतात पण कपात कशाची ते कळत नाही. युनिकोडमुळे स्क्रीनवर तेलुगू दोन दिवसांत उमटलं. मालकांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र नुसते चौकोन छापतोय.