काळ्या मातीत बियांपासून लॉन: इंदूरमध्ये शरदात पेरलेल्या बर्मुडाचा अनुभव

आधी निकाल सांगते. इंदूरच्या काळ्या मातीत बर्मुडा गवताचं बी पेरून उत्तम लॉन होतं, आणि तयार गवताच्या गाद्या आणून अंथरण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं. मात्र दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पाऊस उघडला की लगेच पेरायचं, आणि बी पडेल तो वरचा दोन बोटांचा थर निव्वळ काळ्या मातीचा ठेवायचा नाही. लोकमान्य नगरात आमच्या घरापुढे मी गेल्या शरदात हे बी पेरलं. त्यानंतर थंडी, मे महिन्याचं ऊन आणि आता श्रावणातल्या सरी, सगळ्यांतून ते गेलं आहे. आत्ता लिहिते आहे कारण ज्यांना यंदा पेरायचं आहे त्यांनी जमिनीची तयारी याच दिवसांत सुरू करायला हवी.

बर्मुडा म्हणजे आपली दूर्वाच, शास्त्रीय नावही एकच: सायनोडॉन डॅक्टिलॉन. लॉनसाठी निवडलेल्या वाणांचं पान बारीक असतं आणि वाढ दाट, एवढाच फरक. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, दूर्वा विकत कशाला आणतेस? शेताच्या बांधावरून आणून लाव.” तसंही लॉन होतं, पण बांधावरच्या मुळांबरोबर लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि त्या एकदा जमिनीत शिरल्या की वर्षानुवर्षं निघत नाहीत. नर्सरीत मिळणारं सिलेक्शन वन किंवा मेक्सिकन गवत काड्यांनी नाहीतर गाद्यांनीच लावतात. बियांपासून करायचं तर आपल्या हवेत बर्मुडाच.

वेळेबद्दल थोडं सविस्तर. इंटरनेटवर ‘शरदात पेरा’ असा सल्ला सगळीकडे दिसतो, पण तो थंड देशांतल्या फेस्क्यू, ब्लूग्रास, रायग्रास या गवतांसाठी असतो. त्यांना गारवा मानवतो. बर्मुडाला ऊब लागते. माती थंड झाली की बी नुसतं पडून राहतं. तरी माळव्यात शरद योग्य आहे, कारण वेगळं आहे. जून-जुलैत पेरलं तर एका जोरदार सरीत बी कोपऱ्यात वाहून जातं, आणि उरलेल्यात तण आधी वर येतं. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस मागे फिरतो, माती खालून ओली आणि अजून उबदार असते, दिवसा ऊन कडक असतं. ऑक्टोबरचा उकाडा आपल्याला नकोसा होतो, या रोपांना तो अगदी हवा असतो. थंडी पडायच्या आत गवताला दोन महिने तरी मिळाले पाहिजेत, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यानंतर पेरू नये. दिवाळीची साफसफाई आटोपून पेरू म्हणणाऱ्यांनी सरळ फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबावं.

आता माती, कारण खरं काम तिथेच आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. बर्मुडाचं बी इतकं बारीक असतं की किलोत चाळीस लाखांच्या वर दाणे बसतात. असा दाणा भेगेत गेला की संपला. वर पापडी धरली तरी कोंब ती फोडू शकत नाही. म्हणून काळी माती वीतभर खणून ढेकळं फोडली, घरापासून बाहेरच्या बाजूला हलका उतार दिला आणि वर पिवळी माती व चाळलेलं कंपोस्ट यांचा निम्मा-निम्मा थर दिला. कंपोस्ट पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या शेणखतातून तण आणि हुमणी दोन्ही येतात. या शहरात खताचा तुटवडा नाही. २०२२ मध्ये देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा पचवू शकणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला, त्यातून गॅसबरोबर खतही निघतं. मी घरच्या ओल्या कचऱ्याचं वापरलं. जिप्समचा आग्रह पुष्कळ जण धरतात, पण ते चोपण जमिनीचं औषध आहे. माती तपासून सोडियम जास्त निघाला तरच घालावं. मूठ-मूठ वाळू मिसळूनही चिकण माती मोकळी होत नाही.

तयार झालेल्या जमिनीला आधी नुसतंच पाणी दिलं. आठ-दहा दिवसांत तण उगवलं ते खुरप्याने काढलं, आणि मग पेरणी. ही पायरी कोणीही गाळू नये.

बी सोललेलं घ्यावं. ते आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं, सालीसकट असलेल्या बियाला त्याच्या दुप्पट वेळ लागू शकतो. दहा बाय दहा फुटांना ५० ते ७५ ग्रॅम पुरे. जास्त दाट पेरलं तर रोपं एकमेकांना गुदमरवतात आणि बुरशीने खालून सडतात. कोरड्या वाळूत मिसळून अर्धं बी उभ्या आणि अर्धं आडव्या दिशेने फेकलं, दंताळ्याने अगदी वरवर ओढलं आणि फळी टाकून दाबून घेतलं. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. वरून गोणपाट अंथरलं, म्हणजे होले टिपत नाहीत आणि ओल टिकते. पहिले हिरवे ठिपके दिसताच ते संध्याकाळी काढून घ्यायचं.

पाणी या काळात थोडं थोडं आणि दिवसातून तीन-चार वेळा, बारीक छिद्रांच्या झारीने. नळाची धार लागली की बी वाहतं. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, त्यामुळे टाकी राखून ठेवावी लागली. ज्यांच्याकडे साठवण नाही त्यांना हे पहिले तीन आठवडे कठीण जातील.

गवत दोन इंच झालं की पहिली कापणी. पातं धारदार हवं, माती कोरडी हवी, आणि उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. कापल्यावर गवत आडवं पसरायला लागतं. आमच्याकडे जमीन झाकली गेली ती या कापण्यांनंतरच. दर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया टाकून लगेच भरपूर पाणी दिलं. मध्येच काही भागात पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या. चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, त्याचं हे लक्षण. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट घालून फवारल्यावर रंग परतला. फवारताना फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत.

बियाण्याबद्दल माझी एकच तक्रार आहे. पाकिटावर ‘बाराही महिने हिरवं’ छापलं होतं, ते खरं नाही. पौषात रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला तसं गवत भुरकट पडलं. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. अशा वेळी खत घालून उठवायला जाऊ नये. हिवाळ्यातही हिरवं हवं असेल तर वरून रायग्रास पेरतात, पण पहिल्या वर्षीच्या कोवळ्या बर्मुडावर नाही, ते त्याची जागा आणि ऊन खातं. मागच्या अंगणातल्या जुन्या लॉनवर मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला रायग्रास टाकलं. आठवड्यात उगवलं आणि होळीपर्यंत गर्द हिरवं राहिलं. फेब्रुवारीअखेरपासून ते बुडाशी कापत गेले आणि पाणी कमी केलं, म्हणजे खालच्या बर्मुडाला ऊन मिळतं.

मे महिन्यात या गवताने मन जिंकलं. आठवड्यातून दोनदा खोल पाणी, तेही पहाटे, एवढ्यावर ते तरलं. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर पार करून, पंपांनी वर चढवत आणलेलं नर्मदेचं पाणी रोज लॉनवर ओतणं मला पटत नाही, आणि या गवताला त्याची गरजही नाही. पसारा नको असेल तर कडा मात्र दर महिन्याला कापाव्या लागतात, नाहीतर धावते फाटे वाफ्यांत शिरतात.

सावलीत ते साफ हरलं. आंब्याखालचा पट्टा विरळच राहिला, तिथे शेवटी कोटा फरशी टाकली. सहा तास थेट ऊन नसेल तर हे बी घेऊच नका. पावसाळ्यात लव्हाळा दोन-चार ठिकाणी आला; माती ओली असताना गाठीसकट उपटला की आटोक्यात राहतो. कुंपणालगतची वीतभर पट्टी मी कापत नाही, गणपतीत कोवळ्या दूर्वा तिथूनच खुडायच्या आहेत, आणि काकूंनाही त्यातल्याच देणार आहे.

पाकीट घेताना उगवणशक्तीची टक्केवारी, शुद्धता आणि तपासणीची तारीख बघा. तारीख वर्षापेक्षा जुनी असेल तर ते सोडा. शंका आली तर चिमूटभर बी ओल्या कागदावर उजेडात, उबदार जागी ठेवून पंधरा दिवस पाहा. गौरी-गणपतीच्या आधी हे करून घेतलं तर पाऊस उघडेपर्यंत दुसरं पाकीट आणायलाही वेळ उरतो.