फ्रंट लोड घेतलं, पण जीव टॉप लोडमध्येच अडकलेला: काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्रंट लोड वॉशिंग मशीनची फीचर्स सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून थेट समोरच्या दारावर येते. मशीन सुरू झालं की दार लॉक. बाहेर राहिलेला एक मोजा आत टाकायचा, तर पॉज करून लॉक सुटायची वाट बघा. पाणी दाराच्या खालच्या कडेच्या वर चढलेलं असेल तर तेही नाही, आधी ते काढून टाका. जुन्या टॉप लोडला झाकण उचललं, मोजा टाकला, विषय संपला. मधेच कपडे टाकायची सोय असलेली फ्रंट लोड मॉडेल्स असतात, पण ती महाग, म्हणून मीच नको म्हटलं होतं. कपडे स्वच्छ निघत होते, पाणी बरंच कमी लागत होतं. मला मात्र फक्त तो मोजा दिसायचा.

त्यात स्पिनला मशीन थाडथाड उडायचं. सर्व्हिसवाल्याने फरशीला दोष दिला, वर व्हिजिट चार्ज मागितला. दिला नाही. मॅन्युअल उघडून बघितलं तर मागचे ट्रान्झिट बोल्ट तसेच! वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून ते लावलेले असतात आणि पहिल्या धुण्याआधी काढायचे असतात. बसवणाऱ्याने काढलेच नव्हते. काढल्यावर मशीन गप्प.

परत करायची मुदत होती तोवर मी रोज रात्री न घेतलेल्या मॉडेलचे रिव्ह्यू वाचत होते. मुदत संपली आणि आठवड्याभरात मशीन बरं वाटायला लागलं. गिल्बर्ट आणि एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये हेच दाखवलं होतं: निवडलेला फोटो नंतर बदलून घ्यायची मुभा ज्यांना होती, त्यांना तो कमी आवडला. म्हणजे ‘नाही आवडलं तर परत करू’ या भरवशानेच माझी झोप घालवली.

तरी माझं आत्ताचं कौतुक जरा जपूनच ऐका. मानसशास्त्रज्ञ ब्रेम यांच्या 1956 च्या प्रयोगात लोकांनी घरगुती उपकरणांना गुण दिले, त्यातलं एक निवडलं आणि पुन्हा गुण दिले. निवडलेल्याचे वाढले, सोडलेल्याचे घटले. मलाही हल्ली टॉप लोड पाणी उधळणारं वाटतं. आधी नव्हतं वाटत.

बाकी, कमी फेसाची पावडर वापरा. धुणं झालं की दाराच्या रबराच्या घडीतलं पाणी पुसून दार किलकिलं ठेवा, नाहीतर कुबट वास येतो. आणि ते बोल्ट फेकू नका, घर बदलताना परत लावावे लागतात.