जर्मनीत बाळंतपण: पब्लिक इन्शुरन्स बरा की प्रायव्हेट

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी ओळखीतला फोन करतो. बायको नुकतीच आलीय किंवा यायचीय, गुड न्यूज आहे, आणि एजंट म्हणतोय प्रायव्हेट घ्या, तर काय करू. प्रत्येकाला तासभर तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. मी इन्शुरन्समधला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे हे जेवढ्यास तेवढं घ्या. फक्त आमचं पहिलं बाळंतपण २०२२ ला प्रायव्हेटवर झालं आणि दुसरं २०२५ ला पब्लिकवर, शहर तेच, हॉस्पिटल तेच, गायनॅक बाईसुद्धा त्याच, बदललं होतं ते फक्त खिशातलं कार्ड.

पब्लिक म्हणजे काय, प्रायव्हेट म्हणजे काय हे इथे राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. आपल्याकडच्या भाषेत म्हणायचं तर पब्लिक म्हणजे कॅशलेस आणि प्रायव्हेट म्हणजे आधी भरा, मग क्लेम करा. हे वाक्य मी २०१९ ला पण ऐकलं होतं, ऐकून सोडून दिलं होतं. तेव्हा पगाराची मर्यादा (वर्षाचा पगार तिच्या वर असेल तरच नोकरदाराला प्रायव्हेट घेता येतं) ६०,७५० युरो होती, माझा पगार तिच्या जरासा वर, वय एकोणतीस, लग्न ठरलेलं नाही, चष्मा सोडला तर आजार नाही. एजंटने कागदावर दोन आकडे लिहून दाखवले, दर महिन्याला शंभरेक युरो वाचत होते, मी सही केली. पॉलिसीत मॅटर्निटी हा शब्द तेव्हा वाचला असेल तर शपथ.

मग लग्न झालं, २०२१ मध्ये बायको आली. इथे पहिला झटका. मी पब्लिकमध्ये असतो आणि तिला नोकरी नसती तर ती माझ्याच मेंबरशिपवर फुकटात आली असती, फॅमिली इन्शुरन्स म्हणून, एक सेंट जास्त न भरता. प्रायव्हेटमध्ये माणशी वेगळा हप्ता. शिवाय तिची हेल्थची प्रश्नावली, थायरॉइडची गोळी चालू होती त्याबद्दल तीन पत्रं. आणि डिलिव्हरीसाठी कायद्याने आठ महिन्यांपर्यंतचा वेटिंग पिरियड लावता येतो हे तेव्हा कळलं. आम्हाला घाई नव्हती म्हणून निभावलं. पण जिला आधीच दिवस गेलेत आणि ती येतेय, तिला प्रायव्हेटवाले सहसा घेतच नाहीत, घेतलं तरी चालू गरोदरपणाचा खर्च उचलतील याची खात्री नाही. पब्लिकमध्ये सातव्या महिन्यात विमानातून उतरली तरी फॅमिली इन्शुरन्स लागू होतो, वेटिंग वगैरे काही नाही. ज्यांच्याकडे असं प्रकरण आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल, तुमचा निर्णय झालेला आहे.

बाकीच्यांसाठी, प्रायव्हेटच्या चांगल्या बाजू आधी सांगतो, उगाच अन्याय नको. अपॉइंटमेंट पटकन मिळायची, फोनवर "प्रिव्हाट" म्हटलं की पलीकडचा आवाज जरा मऊ व्हायचा, हे खरंय, माझा भास असेल तर असो. दर व्हिजिटला सोनोग्राफी व्हायची. पब्लिकमध्ये नॉर्मल केसला तीनच सोनोग्राफी, साधारण दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या आठवड्याच्या आसपास, त्यापेक्षा जास्त हवी असेल तर डॉक्टरांना कारण सापडायला हवं नाहीतर तुम्ही पैसे भरा. टॉक्सोप्लाझ्माची रक्ततपासणी पण पब्लिकमध्ये साधारणपणे आपल्याच पैशाने. हॉस्पिटलमध्ये प्रायव्हेटला वेगळी खोली मिळाली, मला रात्री खुर्चीवर का होईना झोपता आलं, आणि मोठे डॉक्टर सकाळी येऊन हात मिळवून गेले. त्या हात मिळवण्याचं पण बिल आलं, ते पुढे येतंच.

तर मुद्द्यावर येतो. लिफाफे.

डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांत आमच्या पत्रपेटीत सतरा लिफाफे आले, मी मोजलेत कारण मला एक्सेल शीट करावी लागली. हॉस्पिटलचं मूळ बिल थेट इन्शुरन्सकडे गेलं तेवढं बरं. पण मोठ्या डॉक्टरांचं वेगळं, पाठीत इंजेक्शन देणाऱ्या भूलतज्ज्ञांचं वेगळं, गायनॅकचं वेगळं, हेबामेचं, म्हणजे घरी येणाऱ्या मिडवाइफचं वेगळं, आणि लॅबची तर किती. या लॅबवाल्यांना आपण जन्मात पाहिलेलं नसतं, कुठल्यातरी तिसऱ्याच गावात असतात. डॉक्टरांच्या बिलांवर सरकारी दरपत्रकाचे नंबर, नंबरापुढे २.३ असा गुणक, म्हणजे मूळ दराच्या २.३ पट, आणि खाली पैसे भरायची तारीख. तारीख चुकली की मानुंग येते, म्हणजे तंबीचं पत्र, जर्मनीत राहिलेल्याला त्या शब्दाने पोटात गोळा येतो. मग ते बिल मी भरायचं, स्कॅन करून अ‍ॅपवर टाकायचं, इन्शुरन्सवाले पंधरा दिवसांनी पैसे पाठवणार, किंवा पैसे न पाठवता एक पत्र पाठवणार की या अमुक नंबरला एवढा गुणक का लावला याचं कारण डॉक्टरांकडून लिहून आणा. म्हणजे मी रात्री तीनला मुलाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालतोय, सकाळी नऊला फोनवर अर्धवट जर्मनमध्ये दवाखान्याच्या बाईंना विचारतोय की तुमच्या बिलातला तो नंबर ३.५ पट का आहे. त्या पण बिचाऱ्या म्हणतात लेखी पाठवा.

सासूबाई साताऱ्याहून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आल्या होत्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाला धुरी (धुरीने स्मोक अलार्म वाजला, खालचे आजोबा वर आले, तो वेगळा किस्सा). बारसं सव्वा महिन्यानंतरच्या शनिवारी धरलं होतं. नाव हॉस्पिटलमध्येच कागदावर द्यावं लागलं होतं पण सासूबाईंची सक्त ताकीद होती की पाळण्यात घालेपर्यंत कोणी मोठ्याने घ्यायचं नाही, सगळे सोन्या म्हणत होतो. चौथ्या आठवड्यात एक लिफाफा आला, खिडकीतून मुलाचं पूर्ण नाव, आडनावासकट, पुढे "हेर्न". श्रीयुत. आत त्याच्या काविळीच्या तपासणीचं लॅबचं बिल, अठरा युरो आणि काही सेंट, देणेकरी तो स्वतः. मी वाचून दाखवलं तर सासूबाई पीठ मळता मळता थांबल्या, "अहो जावईबापू, अजून बारसं नाही झालं पोराचं आणि उधारी कुठनं आली त्याच्या नावावर?" आम्ही खूप हसलो तेव्हा. पण तो लिफाफा हातात धरूनच मी मनात ठरवलं होतं की पुढच्या वेळी हे नाही.

प्रायव्हेटचे पैसे बुडतात असं नाही हं. जवळजवळ सगळे परत मिळाले. पण एकेका वेळी हजार-बाराशे युरो माझेच बाहेर अडकलेले असायचे आणि डोकं त्यात अडकायचं ते वेगळं. ज्याची बायको किंवा जो स्वतः व्यवस्थित माणूस आहे, फाइली लावतो, जर्मन बरं आहे, त्याला हे काहीच वाटणार नाही कदाचित. मी तो माणूस नाही.

आता एकदा प्रायव्हेटमध्ये गेलेल्याला परत यायला दार सहजी उघडत नाही हे सगळ्यांना माहितीय. माझं दार सरकारने उघडलं. २०२५ च्या जानेवारीत मर्यादा ६९,३०० वरून एकदम ७३,८०० झाली आणि माझा पगार ७१ हजारांच्या आसपास, म्हणजे मी काही न करता पब्लिकमध्ये सक्तीचा मेंबर झालो. इथे एक फाटा आहे, नीट बघा: प्रायव्हेटमध्येच राहायचं असेल तर तीन महिन्यांच्या आत सूट मागता येते, आणि ती मिळाली की मागे घेता येत नाही. ऑफिसमधल्या दोघांनी ती मागितली, त्यांची कारणं त्यांच्याकडे. बायकोला तेव्हा चौथा महिना चालू होता. मी दोन संध्याकाळी आकडेमोड केली. प्रायव्हेटचे तिघांचे मिळून महिन्याला ९८० युरो व्हायचे, कंपनी निम्मे देते पण तिच्या हिश्शालाही कमाल मर्यादा आहे आणि ती आम्ही गाठलेली होती, म्हणजे चौथ्या माणसाचा हप्ता अख्खा माझ्या खिशातून. पब्लिकमध्ये माझ्या वाट्याचे पावणेपाचशेच्या आसपास, केअर इन्शुरन्सचे, म्हणजे पुढे कोणी सांभाळायची वेळ आली तर त्यासाठीच्या विम्याचे, वेगळे थोडे, आणि त्यात तिघांचे चौघे झालो तरी तेवढेच. पण खरं सांगू का, आकडे उलटे असते तरी मी बहुतेक पब्लिकच घेतलं असतं, तो श्रीयुत लिफाफा फ्रिजवर मॅग्नेटने लावलेला होता अजून.

कासेने, म्हणजे पब्लिक कंपनीने, बायकोचा फॉर्म घेतला, त्यात तब्येतीचा एक प्रश्न नाही. जुनी पॉलिसी रद्द करायचं पत्र आणि नव्या मेंबरशिपचा पुरावा तीन महिन्यांच्या आत पाठवला की ती मागच्या तारखेपासून बंद होते, हे विसरू नका, नाहीतर दोन्हीकडे हप्ते जातात. टीके, एओके की बार्मर, कुठली कासे घ्यायची ही चर्चा वेगळी, मूळ सोयी कायद्याने सारख्याच, जास्तीच्या गोष्टींत थोडा फरक.

आणि मग काही झालंच नाही. हेच सांगायचंय. गायनॅककडे कार्ड लावलं, मुटरपासात, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदवहीत, नोंद झाली, घरी आलो. हेबामे पहिले दहा दिवस रोज येऊ शकते, पुढे बारा आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे, ती आली, बाळाचं वजन केलं, सासूबाईंचं मालिश बघून मान डोलावली, बायकोची एक सही घेतली आणि गेली, हिशोब तिचा आणि कासेचा. (हेबामे मिळणं मात्र दोन्हीकडे सारखंच अवघड, टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात फोन करायला लागा, खरंच सांगतोय.) हॉस्पिटलचे रोजचे दहा युरो पब्लिकवाल्यांना इतर वेळी भरावे लागतात, डिलिव्हरीला तेही नाहीत.

तोटे होते. खोलीत दोघी, दुसऱ्या बाईंकडे भेटायला अख्खं खानदान, मला रात्री घरी जावं लागलं. फॅमिली रूम स्वतःच्या पैशाने मागता आली असती पण रिकामी नव्हती. एक जास्तीची सोनोग्राफी बायकोच्या मनःशांतीसाठी पैसे भरून केली. बालरोगतज्ज्ञ शोधायला सात ठिकाणी फोन केले, प्रायव्हेटला दुसऱ्याच फोनला हो म्हणाले होते. म्हणजे फरक आहे, नाही असं मी म्हणणार नाही.

बायको नोकरी करत असेल तर हिशोब आणखी बदलतो, आमच्याकडे लागू नव्हता म्हणून थोडक्यात. बाळंतपणाच्या सुट्टीच्या काळात पब्लिकची मेंबर असलेल्या नोकरदार बाईला कासेकडून दिवसाला १३ युरोपर्यंत मिळतात आणि वरचा फरक कंपनी भरते. प्रायव्हेटवालीला त्या १३ ऐवजी सरकारी खात्याकडून एकूण जास्तीत जास्त २१० युरो, एकदाच. आणि एल्टर्नत्साइट, म्हणजे बाळाला सांभाळायची लांब बिनपगारी सुट्टी, घेतली की पब्लिकमध्ये सहसा हप्ता माफ, प्रायव्हेटमध्ये हप्ता चालू आणि कंपनीचा निम्मा वाटा गायब. हे एजंट स्वतःहून सांगत नाहीत, निदान मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

मग प्रायव्हेट कोणी घ्यावं? दोघांचाही पगार दणदणीत आहे, मूल एकच हवंय, वेगळी खोली आणि ठरावीक डॉक्टर ही गरज आहे, कागदांचा त्रास वाटत नाही, त्यांना प्रायव्हेट चांगलंच वाटेल, माझे दोन मित्र खूश आहेत. बाकी आपल्यासारखे एका पगारावर दोन-तीन माणसं आणणारे असतील तर मला वाटतं पब्लिक. मर्यादा २०२६ ला ७७,४०० झालीय, म्हणजे या वर्षीसुद्धा काही जणांपुढे हा फाटा आलाच असेल. आणि व्हिसासाठी जे स्वस्तातलं तीस-चाळीस युरोवालं इन्शुरन्स काढतात ते या तुलनेत धरूच नका, त्यात येण्याआधीचं गरोदरपण बहुतेक वेळा बसत नाही, पॉलिसीची बारीक अक्षरं वाचा.

मुलीच्या नावाने या वेळी एकच लिफाफा आला. बारसं होऊन आठवडा झाला होता. आत तिचं हेल्थ कार्ड, फोटोची जागा रिकामी, पंधरा वर्षांपर्यंत फोटो लागत नाही म्हणे. मुलाने ते घेऊन पत्त्यांच्या डब्यात ठेवलं, दोन दिवस शोधत होतो.